प्रकाशनसंस्थेचे ग्रंथदान : दान, स्वीकार आणि वाचन

१. विषयप्रवेश

ग्रंथ ही प्रकाशनसंस्थेची विक्रीची वस्तू होय. हीच वस्तू ती जेव्हा विनामूल्य देऊन टाकते, तेव्हा त्या कृतीस आपण ‘ग्रंथदान’ म्हणतो आणि तिची सरसकट प्रशंसा करतो. देणारा संतुष्ट असतो, घेणारा कृतज्ञ असतो. लहानसा समारंभ होतो, आणि विषय तेथेच संपतो. दिलेल्या ग्रंथांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारावा आणि त्याचे उत्तर देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या भावनेत न शोधता त्यांच्या व्यवहाराच्या रीतीत शोधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनास एक निश्चित स्थळ असावे म्हणून परभणी जिल्ह्यातील बोरी हे गाव डोळ्यांपुढे ठेविले आहे. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या मार्गावरील, जिंतूर तालुक्यातील हे गाव. बोरी या ग्रामनामाशी मराठी वाङ्मयाचा अभ्यासक अपरिचित नाही. ‘शिशुपालवध’ आणि ‘उद्धवगीता’ यांचे कर्ते महानुभाव कवी भास्करभट्ट हे ‘बोरीकर’ म्हणूनच ओळखले जातात. एकाच नावाची अनेक गावे असल्याने त्यांची बोरी ती हीच, असे येथे प्रतिपादावयाचे नाही. परंतु या कवीच्या निमित्ताने एक गोष्ट ध्यानात येते. महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले गेल्यामुळे शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकांपर्यंत पोचले नाहीत. ग्रंथ अस्तित्वात असणे ही एक गोष्ट, आणि तो वाचकास उपलब्ध होणे ही निराळी गोष्ट. ग्रंथदानाचा सारा प्रश्न या दोहोंमधील अंतराचा आहे.

२. दानाची जुनी कल्पना आणि आजचा कायदा

मराठवाड्याच्या अभ्यासकास दानविचारासाठी दूर जावे लागत नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या प्रचंड निबंधग्रंथाचे एक खंड दानासच वाहिलेले आहे. धर्मशास्त्रकारांनी दानाची सहा अंगे सांगितली आहेत : दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, धर्माने मिळविलेली देय वस्तू, देश आणि काल. या सहांत घेणाऱ्यास स्वतंत्र स्थान आहे, हे विशेष लक्षात घ्यावयास हवे. त्याने प्रतिग्रह केल्यावाचून, म्हणजे वस्तू आपली म्हणून स्वीकारल्यावाचून, दान सिद्ध होत नाही. दात्याने केवळ वस्तूवरचे स्वत्व सोडले, तर तो त्याग होईल. दान होणार नाही.

विद्यादानाचे पुराणोक्त विधी पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. पोथी लिहवून घ्यावी, तिचे पूजन करावे, ती मिरवीत न्यावी, एवढ्यावर ते विधी थांबत नाहीत. पोथीचे वाचन व्हावे, वाचणाऱ्याच्या आणि शिकविणाऱ्याच्या योगक्षेमाची सोय लावावी, येथपर्यंत दात्याचे कर्तव्य पोचते. त्या काळच्या कर्मकांडाचा भाग वजा केला तरी त्यामागील व्यवहारदृष्टी आजही मोलाची आहे. पोथी दिली आणि वाचक नाही, तर देणे अपुरे राहिले, असे त्या दृष्टीला वाटत होते.

आधुनिक कायदाही याच ठिकाणी येऊन ठेपतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १२२ व्या कलमात दानाची व्याख्या आहे. हस्तांतरण स्वेच्छेचे असावे, मोबदल्यावाचून असावे आणि घेणाऱ्याने अथवा त्याच्या वतीने कोणी ते स्वीकारलेले असावे, असे ते कलम सांगते. तात्पर्य, नाकारण्याचा अधिकार हा स्वीकाराच्याच पोटात आहे. ज्यास ‘नको’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला अर्थ राहत नाही.

३. इतिहासाची साक्ष

मराठी ग्रंथव्यवहाराचा आधुनिक इतिहास दानाच्याच एका वादाने सुरू होतो. पेशवाईतील दक्षिणेचा निधी इंग्रजी अमलातही चालू होता. त्याचा काही भाग मराठी ग्रंथनिर्मितीकडे वळवावा, अशी मागणी १८४९ मध्ये लोकहितवादींप्रभृती सुधारकांनी केली, आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. धर्मादाय पैसा व्यक्तीकडून ग्रंथाकडे वळला. हा पालट मोठाच होता. त्यातून अनेक उपयुक्त पुस्तके निघाली. तथापि याच कमिटीपुढे १८५५ मध्ये जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक आले आणि ते नाकारले गेले. शूद्रातिशूद्रांच्या अज्ञानाचा लाभ कसा घेतला जातो, हे दाखविणारी ही कृती ज्या वाचकांसाठी होती, त्यांचा एकही प्रतिनिधी ती पारखणाऱ्यांत नव्हता. दाता जेव्हा एकटाच निवड करतो, तेव्हा निधी कितीही सद्हेतूने उभारलेला असो, दात्याच्या दृष्टीची मर्यादा हीच त्या दानाची मर्यादा ठरते.

याउलट दुसरे उदाहरण बडोद्याचे. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस पाचारण करून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. गावच्या ग्रंथालयाचा खर्च तीन वाट्यांत विभागलेला होता : एक वाटा गावकऱ्यांचा, एक स्थानिक मंडळाचा आणि एक सरकारचा. राजास सर्व खर्च एकट्याने करणे अशक्य होते असे नाही. परंतु गावाने आपला वाटा घातला की ग्रंथालय गावाचे होते, आणि कोणती पुस्तके हवीत हे सांगण्याचा हक्क गावाकडे येतो. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जात. पेटी एका ठिकाणी वाचून झाली की पुढे निघे. कपाटात पडून राहणारे पुस्तक आणि पेटीतून हिंडणारे पुस्तक यांत किती अंतर असते, हे त्या योजनेने दाखवून दिले.

परभणी जिल्हा या सर्व काळात निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची आणि वरिष्ठ शिक्षणाची भाषा उर्दू, आणि सार्वजनिक सभांस पूर्वपरवानगीचे बंधन. अशा स्थितीत मराठी वाचनालय चालविणे हे सांस्कृतिक कार्य तर होतेच, पण ते धैर्याचेही कार्य होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५५ मध्ये हैदराबाद राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. तो १ मे १९६८ पासून अमलात आला. पुणे-मुंबईकडे १८४८ पासून नगरवाचनालयांची परंपरा वाढत असता येथील गावांना हा आरंभ पुष्कळ उशिरा लाभला. म्हणून बोरीसारख्या ठिकाणी येणाऱ्या प्रत्येक ग्रंथाचे मोल अधिक आहे, आणि प्रत्येक निरुपयोगी ग्रंथाची हानीही अधिक आहे.

४. प्रकाशकाच्या दप्तरातून

प्रकाशनसंस्थेतून विनामूल्य बाहेर पडणाऱ्या प्रती एकाच जातीच्या नसतात; त्यांचे वर्गीकरण करणे अवश्य आहे.

पहिला वर्ग कायद्याने द्यावयाच्या प्रतींचा. १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमान्वये प्रकाशकाने आपल्या प्रत्येक ग्रंथाची एकेक प्रत प्रसिद्धीपासून तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियत ग्रंथालये यांस द्यावयाची असते. हे दान नव्हे, कर्तव्य होय. कसूर केल्यास दंड आहे. दुसरा वर्ग अभिप्रायार्थ आणि भेटीदाखल द्यावयाच्या प्रतींचा. ही प्रसिद्धीची रीत आहे आणि तिचा खर्च व्यवसायाचाच खर्च आहे. लेखकाशी होणाऱ्या करारात अशा विनामूल्य प्रतींवर मानधन मिळणार नाही, असे कलम बहुधा असते. तिसरा वर्ग मात्र खऱ्या अर्थाने दानाचा : ग्रंथालये, शाळा, वसतिगृहे, आपद्ग्रस्त संस्था यांस दिलेले ग्रंथ. आपला विषय हा तिसरा वर्ग होय.

या वर्गातील ग्रंथ कोठून येतात? मराठीत आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची काढण्याची चाल दीर्घ काळ होती. छपाईचा आरंभीचा खर्च अधिक प्रतींवर विभागला जावा म्हणून प्रकाशक खपाच्या खात्रीहून थोड्या अधिक प्रती छापतो. त्यांतील काही उरतात. उरलेल्या प्रती गोदामात जागा अडवितात, वाळवीस बळी पडतात आणि वर्षअखेरीच्या शिलकेत त्यांची किंमत घसरत जाते. अशा वेळी प्रकाशकापुढे तीन मार्ग असतात : मोठ्या सवलतीने विकणे, रद्दीत घालणे किंवा दान करणे. तिसऱ्या मार्गाने कीर्ती मिळते आणि गोदामही मोकळे होते.

एक कल्पित हिशेब मांडून पाहू. छापील किंमत ३०० रुपये आणि दर प्रतीचा उत्पादनखर्च ७५ रुपये असलेल्या एका ग्रंथाच्या ४०० प्रती शिल्लक आहेत असे मानू. त्या दान केल्या तर छापील किमतीने १,२०,००० रुपयांचे दान झाले, असे जाहीर करता येते. उत्पादनखर्चाने पाहिल्यास तो आकडा ३०,००० रुपये होतो, आणि रद्दीच्या भावाने पाहिल्यास त्याहून कितीतरी कमी. आता तेच ३०,००० रुपये प्रकाशकाने ‘आमच्या सूचीतून हवे ते निवडा’ म्हणून देऊ केले, आणि विक्रीस चालू असलेले ३०० रुपयांचेच ग्रंथ चाळीस टक्के व्यापारी सवलत वजा जाता १८० रुपयांस धरले, तर ग्रंथालयाच्या वाट्यास १६६ ग्रंथ येतात. चारशेच्या जागी एकशे सहासष्ट! समारंभात पहिला आकडा शोभून दिसेल. परंतु चारशे प्रती एकाच ग्रंथाच्या आहेत, आणि एकशे सहासष्ट ग्रंथ हे तितक्याच निरनिराळ्या गरजांची उत्तरे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे कोणते दान मोठे हे सांगावे लागत नाही.

कररचनेचाही येथे विचार केला पाहिजे. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाने कलम ८०-जी अन्वये देणगीवर जी वजावट ठेविली, ती केवळ पैशाच्या रूपाने दिलेल्या देणगीपुरती होती; वस्तुरूप देणगी, म्हणून ग्रंथही, तिच्या कक्षेबाहेर राहिले. कंपनी अधिनियम, २०१३ च्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान दोन टक्के रक्कम समाजकार्यार्थ खर्चण्याचे बंधन घातले, आणि सार्वजनिक ग्रंथालयांची स्थापना हे त्याच्या सातव्या अनुसूचीत मान्य कार्य आहे. परंतु हे बंधन लागू होण्यास पाचशे कोटींचे नक्त मूल्य, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नक्त नफा यांपैकी एक तरी कसोटी लागू पडावी लागते. बहुतेक मराठी प्रकाशनसंस्था मालकीच्या वा भागीदारीच्या. त्यांस हे कलम शिवतही नाही. म्हणजे मराठी प्रकाशक ग्रंथ देतो तेव्हा कायद्याचा धाक वा कराचा लाभ यांपैकी काहीही त्यामागे बहुधा नसते. ही त्याच्या पक्षी जमेची बाजू आहे, आणि ती मान्य करूनच पुढील टीका करावयाची आहे.

५. ग्रंथालयाच्या दप्तरातून

आता दुसऱ्या बाजूस वळू. १९६७ च्या अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गानुसार अनुदान मिळते. वर्ग ठरविताना ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद, उघडे राहण्याचे तास अशा गोष्टी पाहिल्या जातात. त्यांत ग्रंथसंख्या ही मोजावयास सर्वांत सोपी. परिणामी लहान ग्रंथालयास कोणताही ग्रंथ हा प्रथम एक अंक असतो, आणि मग ग्रंथ. फुकट आलेला अंक कोण नाकारील?

येथेच प्रकाशकाची सोय आणि ग्रंथालयाची सोय एकमेकींस भेटतात. एकास प्रती हलवावयाच्या आहेत, दुसऱ्यास संख्या वाढवावयाची आहे. दोघांचेही काम होते. वाचक तेवढा या व्यवहारात कोठेही नसतो. एकदा दाखल नोंदवहीत क्रमांक पडला की तो ग्रंथ मालमत्ता होतो. त्याचे जतन करावे लागते, दरसाल मोजणी करावी लागते, आणि तो काढून टाकावयाचा तर निर्लेखनाची रीतसर कार्यवाही करावी लागते. लहान गावचा ग्रंथपाल अल्प मानधनावर काम करणारा. तो त्या खटाटोपात पडत नाही. एका खोलीत चार कपाटे असतात. त्यांतील दोन न वाचल्या जाणाऱ्या ग्रंथांनी भरली की पुढे वाचला जाणारा ग्रंथ विकत घेतला तरी तो ठेवावयास जागा उरत नाही. फुकट ग्रंथाचीही किंमत असते. ती घेणारा भरतो, आणि हप्त्याहप्त्याने भरतो.

बोरीसारख्या गावचा वाचक कोण, हे पाहिले म्हणजे निवडीचे महत्त्व पटते. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी पिकविणारा शेतकरी आहे. त्यास कीड-रोग, जमीन, पाणी, पीकविमा यांविषयी सुगम व अद्ययावत मराठी पुस्तक हवे. परभणीच्या कृषी विद्यापीठाची प्रकाशने त्यास अधिक उपयोगी. स्पर्धापरीक्षेचा विद्यार्थी आहे. त्यास चालू वर्षाचे पुस्तक हवे. पाच वर्षांपूर्वीचे त्यास नुसते निरुपयोगी नाही, तर घातक आहे, कारण कायदे आणि आकडे बदललेले असतात. प्राथमिक शाळेतील मूल आहे, त्यास मोठ्या टायपाचे सचित्र पुस्तक हवे. दुपारच्या मोकळ्या तासात कादंबरी मागणारी गृहिणी आहे. आणि एखादा असा जिज्ञासूही असतो, ज्यास महानुभाव वाङ्मयावरील ग्रंथ हवा असतो व जो त्यासाठी परभणीस खेपा घालतो. हे पाचही वाचक एकाच गठ्ठ्यातून, तो कोठल्या तरी गोदामात बांधला गेला असता, तृप्त होतील हे संभवत नाही.

६. एक आक्षेप आणि त्याचा विचार

या प्रतिपादनावर एक वाजवी आक्षेप येऊ शकतो. न खपलेला ग्रंथ वाईटच असतो असे कोठे आहे? मराठीतील कित्येक उत्तम संशोधनग्रंथ मंदगतीने खपतात. पुण्यास न विकला गेलेला ग्रंथ बोरीच्या त्या एकट्या जिज्ञासूस अमोल वाटेल. शिवाय निवड घेणाऱ्यावरच सोपविली तर तो परिचित तेवढेच मागील. ज्याचे नावच ऐकले नाही ते मागणार कसे?

हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष निराळा आहे. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत ‘प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ’ या सूत्रापाठोपाठ ‘प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक’ हेही सूत्र आहे. मंदगतीच्या ग्रंथास वाचक मिळावयाचा, तर त्याची एकेक प्रत अनेक ठिकाणी गेली पाहिजे. शंभर प्रती एका ठिकाणी गेल्या तर ते साधत नाही. आणि अपरिचित ग्रंथ मागितला जावयाचा, तर त्याची माहिती आधी गेली पाहिजे. म्हणून प्रकाशकाने प्रथम ग्रंथ पाठवू नयेत. प्रथम सूची पाठवावी. दोन ओळींत परिचय, प्रकाशनवर्ष आणि कोणत्या वाचकास उपयोगी, इतके त्या सूचीत असले की पुरे. घेणाऱ्याची निवड आणि देणाऱ्याचे ज्ञान यांचा मेळ सूचीतच बसतो.

७. इतर मार्ग

ग्रंथ फुकट देणे हाच प्रकाशकाच्या धर्मादायाचा एकमेव मार्ग नव्हे, हेही सांगितले पाहिजे. किंमत कमी ठेवणे हेही एक दान आहे, आणि त्यात घेणाऱ्याचा स्वीकार आपोआप साधतो. कारण अल्पमोल देऊनही मनुष्य नको असलेली वस्तू सहसा घेत नाही. विनोबांची ‘गीताई’ अशाच रीतीने लक्षावधी घरांत गेली. प्रकाशनाचे उत्पन्न सत्कार्यास लावणे हा दुसरा मार्ग. १९०९ मध्ये पुण्यास अनाथ विद्यार्थी गृह म्हणून स्थापन झालेल्या संस्थेने गरीब विद्यार्थ्यांच्या पोषण-शिक्षणाबरोबर मुद्रण आणि प्रकाशनही चालविले, आणि साने गुरुजींची ‘श्यामची आई’ दीर्घ काळ याच संस्थेतर्फे निघत राहिली. वाचकाने आवडीने विकत घेतलेला ग्रंथ अशा प्रकारे कोणा विद्यार्थ्याच्या जेवणाची सोय करू शकतो.

तिसरा मार्ग अभिसरणाचा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९ मध्ये विनायक रानडे यांनी सुरू केली. वाचकांचा गट ग्रंथांची पेटी ठेवून घेतो, ठरावीक काळाने ती दुसऱ्या गटाकडे जाते, आणि पेट्यांचा खर्च देणगीदार उचलतात. शंभर वर्षांपूर्वीच्या बडोद्याच्या पेटीची ही नवी आवृत्तीच होय. येथे देणगीदार पैसा देतो, निवड जाणकार करतात, आणि पेटी फिरत असल्याने न वाचलेला ग्रंथ कोणाच्या माथी कायमचा बसत नाही.

वाहतुकीचा खर्च हा या सर्व योजनांतील अवघड भाग. रेल्वे परभणीपर्यंत, पुढे बोरीपर्यंत रस्ताच. नोंदणीकृत बुकपोस्टाची स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि लहान ग्रंथालये व प्रकाशक अडचणीत आले. त्यानंतर १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. आरंभीच्या दरपत्रकात तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये, कर वेगळा, असे दर होते. चाळीस निवडक ग्रंथ तीन-चार पुडक्यांत काही शे रुपयांत गावी पोचू शकतात. निवडून थोडे पाठविण्याचा मार्ग केवळ इष्टच नव्हे, तर परवडणाराही आहे, हे यावरून दिसेल.

८. उपसंहार

वरील विवेचनातून प्रकाशनसंस्थेसाठी काही साधे नियम निघतात. दानाचा निधी वर्षारंभी रुपयांत ठरवावा. वर्षअखेरी उरलेल्या प्रतींवरून ठरवू नये. सूची आधी पाठवावी आणि मागणी लेखी घ्यावी. एका ग्रंथाच्या अनेक प्रती एका ठिकाणी देऊ नयेत. शाळेच्या वर्गवाचनासाठी मुद्दाम मागितल्या असल्यास गोष्ट वेगळी. कालबाह्य परीक्षापुस्तके आणि जुने कायदे मुळीच देऊ नयेत. दानाची किंमत सांगावयाची तर ती खर्चाच्या आकड्याने सांगावी, छापील किमतीने नव्हे. आणि वर्षानंतर ग्रंथालयास एकच प्रश्न विचारावा : यांतील किती ग्रंथ देवघेवीच्या नोंदवहीत चढले?

ग्रंथालयासाठी नियम एकच आहे, पण तो अधिक कठीण. नको असलेला ग्रंथ नम्रपणे नाकारावयास शिकले पाहिजे. अनुदानाची रीत संख्येवर भर देते तोवर हे धैर्य सोपे नाही, हे उघड आहे; म्हणून वर्ग ठरविताना ग्रंथसंख्येइतकेच वजन देवघेवीसही द्यावे, ही मागणी ग्रंथालयचळवळीने लावून धरली पाहिजे. या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस एक क्षेत्र सुचवावेसे वाटते. एखाद्या तालुक्यातील ग्रंथालयांच्या दाखल नोंदवह्या आणि देवघेवीच्या नोंदवह्या शेजारी शेजारी ठेवून दान आलेल्या आणि विकत घेतलेल्या ग्रंथांचे वाचन ताडून पाहावे. साधने गावोगाव पडलेली आहेत; ती उघडून पाहावयाची तेवढी राहिली आहेत. त्या दोन वह्यांत जेवढे अंतर आढळेल, तेवढे आपले ग्रंथदान अपुरे आहे, असे समजावयास हरकत नाही.